थेट मला लिहा

कारखान्यात नवे साहेब आले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना म्हणाले, "काहीही असो, थेट मला लिहा. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर देईन."

आमच्या ह्यांनी लगेच लिहिलं, बॉयलरचा व्हॉल्व्ह गळतोय, बदलायला हवा. मिनिटभरात फोनवर उत्तर आलं. "दादा, तुमची तळमळ थेट काळजाला भिडली. तुमच्यासारखी माणसं हीच आपली खरी ताकद." व्हॉल्व्हबद्दल अवाक्षर नव्हतं, तरी ह्यांनी ते शेजारीपाजारी सगळ्यांना वाचून दाखवलं.

पुढच्या दोन महिन्यांत ह्यांनी आणखी दोनदा कळवलं. दोन्ही वेळा तसंच गोडगोड उत्तर, तेही मिनिटभरात. लेक म्हणाली, "बाबा, साहेब हे वाचतसुद्धा नाहीत. एआय परस्पर उत्तरं देतंय." हे तिच्यावरच उखडले. "खाली त्यांची सही दिसत नाही का तुला? एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल?"

गेल्या सोमवारी तो व्हॉल्व्ह उडाला. ह्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

काल साहेब हॉस्पिटलात आले. नाकाला रुमाल लावून खाटेपासून चार हात लांबच उभे राहिले. आवाज मात्र अगदी त्या उत्तरांसारखा, मधात बुडवून काढलेला.

 

"दादा," ते म्हणाले, "एका ओळीनं तरी मला कळवायचंत."