खोटा खोटा चहा

"यात चहा नाही," अपेक्षा म्हणाली आणि तिनं खेळण्यातला कप टेबलावर पालथा घातला.

"नाहीच आहे. आपण खोटं खोटं प्यायचा," विशाखा म्हणाली. "ही बाहुली पाहुणी आलीय. तिला दे बरं."

"बाहुलीला पोट नाही. ती प्लॅस्टिकची आहे."

विशाखानं कंगवा उचलून कानाला लावला. "हॅलो, कोण बोलतंय?"

"तो कंगवा आहे," अपेक्षानं भिंतीकडं बघत सांगितलं.

उस्मानपुऱ्यातल्या त्या छोट्या खोलीत विशाखा मुलांची बुद्धी, बोलणं, वागणं तपासायची. मागच्या खुर्चीत अपेक्षाची आई, मेघा, पदर मुठीत धरून बसली होती. तिला राहवलं नाही.

"दे ना गं बाई तिला चहा! काय जातंय तुझं?"

शाळेनं पाठवलं होतं. नऊ वर्षांची पोर भर वर्गात बाईंच्या चुका काढते, कुणाच्या नजरेला नजर देत नाही, घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली शिरते. 'अ‍ॅस्पर्जर असू शकतं, स्वमग्नतेचाच एक प्रकार, दाखवून घ्या,' असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि तेव्हापासून मेघाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिच्या मते पोरगी लई हुशार होती, संपलं. हुशार माणूस तऱ्हेवाईक असायचाच. आज मॅडमच्या तोंडून तेवढं वदवून घ्यायचं, म्हणून सहा महिन्यांच्या सत्यमला सासूजवळ ठेवून ती आली होती.

तिचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं हो. शहरातल्या कुठल्या वसाहतीला कुठल्या दिवशी नळ येणार, हे अपेक्षाला तोंडपाठ. पाण्याचा दिवस पुढं ढकलला गेला तरी तिचा हिशेब चुकत नसे. त्यांच्या हडको वसाहतीतल्या शेजारणी आधी हिला विचारायच्या, मग टाकी धुवायला घ्यायच्या.

"मॅडम, पण हुशारी अन् अ‍ॅस्पर्जर, दोन्हीत फरक काय असतो?" मेघानं विचारलं.

"वरवर बघितलं तर फार नाही. दोन्हीकडं स्मरणशक्ती दांडगी, एकाच विषयाचं वेड, बरोबरीची मुलं नकोशी. काहींमध्ये तर दोन्ही असतं. म्हणून तर मी एवढी खेळवत बसते."

मेघानं खुर्ची पुढं ओढली. एवढा वेळ राखून ठेवलेलं हुकमाचं पान तिनं आता टाकलं.

"मग हे ऐका. हिची एक मैत्रीण आहे. मनातली. वच्छलाबाई! आमची वरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी आहे, तिथं राहती म्हणं. पिशोर गावची आहे. एका पायात जोडवं नाय. फोडणीचा ठसका बसला की शिंकत सुटती. आता एवढं सगळं रचायला डोकं लागतं का नाय?"

"तुम्ही काय करता मग?"

"मी कशाला मोडता घालू? मोबाइलवर वाचलं होतं, हुशार पोरांना असे सोबती असतात, त्यांना हटकू नये. मी बी सामील झाले. दुपारी कपभर चहा जास्तीचा ठेवते. ही वर नेऊन देती अन् रिकामा कप आणती. मी वर पाय पण ठेवत नाय. पोरीचा खेळ कशाला मोडायचा?"

सांगताना मेघाचा चेहरा नुसता उजळला होता.

विशाखानं एक चित्र अपेक्षापुढं सरकवलं. विहिरीच्या काठाशी एक मुलगी उभी होती.

"हिचं पुढं काय होतं, सांग."

"चित्रात पुढचं नाही."

"समज ना काहीतरी."

"मला माहीत नाही. मग कसं सांगू?"

विशाखानं चित्र बाजूला ठेवलं. "मेघाताई, बुद्धी हिची फार वरची आहे, त्यात वादच नाही. पण अ‍ॅस्पर्जरही आहे. अशी पुष्कळ मुलं झकास गोष्टी रचतात. ही मात्र नाही रचत. हिला खोटं खोटं येतच नाही. बघितलं तेवढंच सांगते."

मेघाला रडू फुटलं. सासरी काय सांगायचं, उद्या पोरीचं कसं व्हायचं, सगळं एकदम अंगावर आलं. डोळे पुसता पुसता ती तिरमिरीत म्हणाली, "असं कसं म्हणता? मग वच्छलाबाई कुणी रचली?"

विशाखा अपेक्षाकडं वळली.

"अपेक्षा, वर नेलेला चहा कोण पितं?"

"वच्छलाबाई."

"तू नाही पीत?"

"मला चहा आवडत नाही. वासानं ओकारी येते. मम्मीला माहीत आहे."

मेघाला माहीत होतं. या पोरीनं जन्मात चहाला तोंड लावलं नव्हतं. इतके दिवस ते रिकामे कप तिनं स्वतःच्या हातानं विसळले होते आणि एकदाही हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "पोरगी गोष्टी रचती, एवढं म्हणा ना. हुशार नका म्हणू. काय पण म्हणा, येडी म्हणा. पण रचती म्हणा. पाया पडते तुमच्या."

विशाखानं तिचा खांदा धरला. "आधी घरी फोन लावा."

मेघानं सासूला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला.

"आजी नाही उचलणार. ती दुपारी झोपते. घरी असली की मम्मी पण झोपते," अपेक्षा बाहुलीचे केस नीट करत म्हणाली. "सत्यम उठला की वच्छलाबाई त्याला वर नेतात. रोज परत आणून ठेवतात. आज म्हणाल्या, आता नाही आणणार."