दोन पॉइंट

"इन्व्हर्टरला दोन पॉइंट आहेत. एक माझ्या ऑक्सिजनच्या मशीनला, एक तुझ्या पंख्याला," सासरे म्हणाले होते. मला आठवा महिना, त्यात उकाडा आणि रोज दुपारी दोन तास लाइट गायब. त्यांची सगळी हयात वायरमन म्हणून गेलेली, त्यामुळे मी पुढे काही विचारलंच नाही. लाइट गेली की ते आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि मी पलीकडे पंख्याखाली आडवी व्हायचे.

महिनाभर बिनबोभाट चाललं. आज लाइट गेली आणि इन्व्हर्टर कोकलायलाच लागला. पंखा थांबला. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. मशीन बंद, ओठ काळेनिळे, डोळे मिटलेले. नवऱ्याला फोन लावला.

"लोड जास्त झालाय. काय काय लावलंय त्याच्यावर?"

"रोजचंच. बाबांचं मशीन आणि माझा पंखा."

"अगं, दोन्ही एकदम कसं चालेल? आधी पंखा काढ."

पोट सावरत इन्व्हर्टरपाशी खाली बसले, पंख्याची पिन उपटली, इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. मशीन घरघरलं. तेव्हा कुठे पॉइंटशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांचं अक्षर दिसलं.

"इन्व्हर्टर ४०० वॅट. मशीन ३५०. सूनबाईचा पंखा ७५. लाइट गेली की मशीन बंद करणे."



आज त्यांचा हात मशीनच्या बटणापर्यंत पोचला नव्हता.