खुबे: ठीक

लेकीच्या एका मांडीला दोन वळ्या, दुसरीला तीन.

आजीचं पालुपद: "हिचा बापही उशिराच चालला. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

आता आधी ऑपरेशन. मग तीन महिने प्लास्टर, छातीपासून घोट्यापर्यंत.

आणि जन्माच्या कार्डावर निळ्या शाईची एक टिक.

"डावा खुबा जन्मापासूनच निखळलेला आहे. तेव्हाच कळलं असतं तर पायांना नुसत्या पट्ट्या बांधून भागलं असतं," हाडांचे डॉक्टर एक्स-रे खाली ठेवत म्हणाले. "जन्मल्यावर खुबे तपासले नव्हते कुणी?"

आईने जन्माच्या वेळचं कार्ड पुढे केलं. डोळे: ठीक. हृदय: ठीक. खुबे: ठीक.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन ती दोन मजले तरातरा उतरली, ती थेट बाळंतिणींच्या वॉर्डात.

टेबलाशी सिस्टर कार्डं भरत होत्या. पेन वरून खाली सरसर, सगळ्या रकान्यांत टिका, की पुढचं कार्ड. बाळं पलीकडे, गळ्यापर्यंत गुंडाळलेली.

"यांची तपासणी झाली?"

"डॉक्टर येतील ना राउंडला. आम्ही आधीच भरून ठेवतो, म्हणजे त्यांची सही तेवढी राहते. तुम्ही कोण?"

आईने लेकीला त्या कार्डांवरच आडवं केलं. गुडघे दुमडून अलगद बाजूला उघडले. उजवा टेबलाला टेकला. डावा अर्ध्यावरच अडला.

"ही पण तुमच्याच वॉर्डातली. कार्डावर खुबे: ठीक."

"ताई, आवाज खाली. पंचवीस-तीस बाळं, आणि आम्हाला हात दोनच. एकेकाचं दुपटं सोडत बसलो तर झालंच कल्याण!"

"मग आम्ही सोडतो." लेकीला उचलून ती खाटांकडे वळली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? सोडा दुपटी. खुबे तपासल्याशिवाय एकीनेही घरी जायचं नाही."

एक बाळंतीण फिस्सकन हसली. दुसरीने मुकाट्याने गाठ सोडली. मग तिसरीने. हसणारीनेही सोडली. बघता बघता अख्खा वॉर्ड रडून उठला, आणि वॉर्डाचे डॉक्टर धावत आले.

"काय चाललंय काय इथे?"

"तपासा. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी कार्डांचा ढीग पाहिला. सिस्टरकडे पाहिलं. हात धुतले. पहिलं बाळ. दुसरं. तिसरं. चौथ्यापाशी त्यांचे हात थांबले. त्यांनी ती इवलीशी मांडी पुन्हा एकदा हळूच बाहेर वळवली.

"सिस्टर, हिचं कार्ड द्या. खुब्यांचं लिहायचंय."

"ते भरलंय, डॉक्टर."

आईची लेक जन्मली त्या दिवशी वॉर्डात तीनच बाळं होती, तरी तिचं कार्ड असंच भरलं होतं.