केसचोर

शिवांशनं जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते बनवले होते. हिरो बरेच: रस्सामॅन, म्हैसराणी, खड्डेवीर. व्हिलन एकच, केसचोर. तो त्यानं केमो सुरू झाल्यावर काढला. केसचोर आला की सगळे हिरो टकले आणि आपण गाढव. पुढचे पत्ते गाढवानंच वाटायचे. शिवांशला तो येऊ नये म्हणून मी पत्त्याचा कोपरा गुपचूप दुमडला होता; वाटताना ओळखून दुसऱ्याला द्यायचो. त्या रविवारी आम्ही तिघं मित्र त्याच्या खाटेभोवती बसलो. "आज मी वाटतो," शिवांश म्हणाला. केसचोर त्यालाच आला. सलग पाच डाव. "परत गाढव, भावा!" राजवीर हसला. चौघांत असा योगायोग हजारात एकदा घडतो. शिवांशची बोटं दुमडलेला कोपरा चाचपत होती. "माझ्या ओळखीचा हाय त्यो," तो पुटपुटला, "तुमच्याकडं नको." तो त्याचा शेवटचा डाव. आम्ही तिघंही जिंकलो.