कॉफीचे ग्लास

फळ्यांच्या जमिनीवर मांडलेले कॉफीचे ग्लास किणकिणले आणि बैठकीतल्या सगळ्यांनी जोंगीकडे पाहिलं. जोंगी सरकारी वेधशाळेत भूकंपांच्या नोंदी ठेवायचा. तोबा तळ्याकाठी काहीही हललं, की लोक आधी त्याच्याकडे बघत.

"तळं हललं का रे?" नवरीच्या बापाने विचारलं.

"नाही मामा. माझा गुडघा."

जोंगीने गुडघा हाताने दाबून धरला. खरं तर त्याने एवढंही बोलायला नको होतं. लग्नाच्या बोलणीत नवरामुलगा गप्प बसतो. त्याच्या वतीने बोलायला बिन्सारकाका आणले होते, आणि ते सकाळपासून न थकता बोलत होते. सगळं ठरलं होतं. हळदीत शिजवलेला अख्खा मासा आतल्या दाराशी झाकून तयार होता. तो नवऱ्यामुलासमोर आला, की सोयरीक पक्की.

"एकच राहिलं," नवरीचा बाप म्हणाला. "खाली काठावर माझं हॉटेल होतंय. पाहुणे हल्ली वाचून येतात. म्हणे हे तळं म्हणजे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या डोंगराचं तोंड, तेव्हा राख पार समुद्रापलीकडे जाऊन पडली. दिवसभर पोहतात आणि झोपायच्या वेळी विचारतात, पुन्हा फुटेल का. माझं कोण ऐकतंय? जावयाने सांगितलं, फुटणार नाही, की विषय मिटला."

"फुटणार नाही," बिन्सारकाका म्हणाले. चौऱ्याहत्तर हजार वर्षांचा प्रश्न त्यांनी कॉफीच्या दोन घोटांमध्ये निकाली काढला.

"काका, तसं म्हणता येत नाही..."

"पोरा, नवरा आहेस ना? मग नवऱ्यासारखा बस."

"आजउद्या नाही फुटणार. पण कधीच नाही, असं मी कसं..."

"मासा गार होतोय," नवरीचा बाप शांतपणे म्हणाला.

दाराशी नवरी, तिउर्मा, उभी होती, माशावरच्या झाकणावर हात ठेवून. जोंगीने तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग मान हलवली, होकाराची. बिन्सारकाकांनी हात करून ती मान सगळ्यांना दाखवली.

ग्लास पुन्हा किणकिणू लागले.

"तिउर्मा, मासा आण," बाप म्हणाला. "पण आधी हे ग्लास उचल."

तिने एकेक ग्लास तबकात गोळा केला आणि तबक जमिनीवरून उचललं. तिच्या हातातही ते किणकिणतच होते.