उंबऱ्याबाहेरचा गंज

लेकीनं फ्रान्सहून आणलेली वाइनची बाटली दोन वर्षं गोठ्याच्या कोनाड्यात पडून होती, कारण दौलतरावांच्या बायकोनं, सोजरबाईनं, ती घरात येऊ दिली नाही. कोंबडंही दौलतरावांनी अंगणातच, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या गंजात शिजवायचं आणि तिथंच खायचं, असा तिचा दंडक. ती वारल्यावर आज पहिल्यांदाच त्यांनी चूल पेटवली आणि लेकीला फोनवर विचारत विचारत कोंबडं त्या वाइनमध्ये शिजवलं. “बाबा, थंडी पडली असंन. आतमंदी बसून जेवा,” ती म्हणाली. “आता कोन रागावते तुमाले?” फोन ठेवून दौलतरावांनी गरम गंज उचलला, मुद्दाम एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि ते कान देऊन उभे राहिले. रस्सा निवू लागला, तरी आतून कोणीच ओरडलं नाही. मग त्यांनी पाय मागं घेतला. “वरडू नको वं,” ते म्हणाले, “बाहीरच बसतो.”