घरी कळू देऊ नका

दवाखान्याच्या बिलांवर आजारांचे कोड टाकणाऱ्या ताईने काकांच्या फाइलमधला ‘त्वचेचा कर्करोग’ काढला आणि ‘पूर्वी होता, आता नाही’ हा कोड टाकला. कानावरचा डाग वेळीच काढलेला, चार वर्षं सगळे रिपोर्ट स्वच्छ.

ताईने तसं सांगताच खिडकीपलीकडे उभ्या काकांचा चेहराच पडला. “बिलावर हे छापू नका हो. बायकोला कळलं, तर सकाळचा आयता चहा गेलाच, वर भांडी गळ्यात पडतील.”

“छापावं तर लागतंच, काका.”

“मग निदान पाकिटात घालून चिकटवून द्या.”

पाकीट चिकटवताना ताईने हसू कसंबसं दाबलं.



सकाळीच काकू याच खिडकीशी वाकून कुजबुजल्या होत्या, “बरे झाल्याचं ह्यांना सांगू नकोस गं. पुन्हा रोज संध्याकाळी पत्ते कुटायला पळतील, मग मी गप्पा कुणाशी मारू?”